जाळ्याचा आस कोणी ठरवावा?



या वर्षीच्या व्याख्यानमालेची पत्रिका लागली, तेव्हा आमचे एक जुने स्नेही आम्हांला कर्जत स्टेशनवर भेटले आणि म्हणाले, "समुद्र कुठे आणि कर्जत कुठे! शिवाय तुमचा जन्म गेला कारखान्यांच्या फाटकाशी. तुम्ही मासेमारीच्या जाळ्यावर काय बोलणार?" प्रश्न रास्त होता. म्हणून त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो.

आपला कर्जत आणि खालापूर हा मुलूख समुद्रापासून दूर दिसतो, पण पाण्याच्या वाटेने पाहिले तर तसा दूर नाही. भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली सुरू झाले. त्यातून सुटणारे पाणी उल्हास नदीला मिळते आणि कल्याणवरून वसईच्या खाडीत जाते. खोपोलीचे वीजगृह त्याहून जुने, १९१५ चे. त्याचे पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीला लागते. त्या खाडीच्या मुखाशी एका अंगाला करंजा आणि दुसऱ्या अंगाला रेवस. म्हणजे घाटावरच्या तलावातले पाणी आपल्या दारावरूनच कोळ्यांच्या दारी जाते. (आमच्या औद्योगिक पट्ट्यातून त्या पाण्यात आणखी काय काय जाते, तो आजचा विषय नव्हे, त्यासाठी संयोजकांनी पुढच्या वर्षी वेगळी संध्याकाळ राखावी.) आणि उलट दिशेने येते ते सुके मासे. सुकट, जवळा, सुके बोंबील. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाच्या डब्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस जे कालवण असते, ते याच मालाचे. हा माल महागला की पगारवाढीची मागणी आमच्या टेबलावर येते. तेव्हा जाळ्याशी आमचा संबंध नाही, असे म्हणता येत नाही.

काही वर्षांपूर्वी युनियनच्या कामासाठी आम्हांला उरणच्या बाजूला वरचेवर जावे लागे. तिथे करंजा बंदरावर एका तांडेलाची ओळख झाली. एकदा जाळे दुरुस्त करता करता तो म्हणाला, "दादा, साहेब लोक सांगतात आस मोठा करा, मासा उद्या मोठा होईल. मासा उद्या मोठा होईल हो, पण डिझेलचे पैसे आज द्यायचे आहेत. त्यांनी सांगितलेला आकडा बरोबर कशावरून?" आम्हांला उत्तर देता आले नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीशी थांबले. पुढचे जे काही ते रात्रपाळी आणि वाचनालय यांनी दिले. त्या प्रश्नामागे लागून जे वाचले, पाहिले आणि विचारून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी शब्द समजून घेऊ. जाळ्याच्या एका घराला, एका भोकाला, कोळी 'आस' म्हणतात. ट्रॉल म्हणजे बोटीच्या मागे समुद्राच्या तळालगत ओढत न्यायचे पिशवीसारखे जाळे. तोंड रुंद, पुढे निमुळते होत गेलेले, आणि शेवटी बंद पिशवी. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या डोल जाळ्याला जसा 'खोला' असतो, तसाच हा ट्रॉलचा खोला. मासे शेवटी तिथेच साठतात, म्हणून कोणता मासा राहील आणि कोणता निसटेल, याचा निकाल बहुतांशी खोल्याच्या आसावर लागतो. आपल्याकडच्या पाण्यात ट्रॉलचा प्रयोग नवा नाही. १९२१-२२ साली 'विल्यम कॅरिक' नावाच्या वाफेच्या जहाजाने मुंबईच्या किनाऱ्यासमोर ट्रॉल ओढून पाहिला होता. पण लहान यांत्रिक बोटींवर तो पसरला स्वातंत्र्यानंतर. पुढे सुताच्या जाळ्यांची जागा नायलॉनने आणि इतर कृत्रिम धाग्यांनी घेतली, आणि मग जाळे इतके स्वस्त, हलके व टिकाऊ झाले की बारीक आस विणणे कोणालाच जड वाटेनासे झाले.

आस मोजणे वाटते तितके सोपे नाही. चाळीस मिलिमीटरचा आस म्हणजे चाळीस मिलिमीटर रुंदीची खिडकी, असा अनेकांचा समज असतो, आमचाही होता. तसे नाही. आस ताणून त्याच्या समोरासमोरच्या दोन गाठी जास्तीत जास्त दूर नेल्या की मधले जे अंतर भरते, ते चाळीस. म्हणजे घराची प्रत्येक बाजू सुमारे वीस, आणि चारही बाजू मिळून घेर ऐंशी. हा ऐंशीचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज लागणार आहे. मोजायला पाचरीसारखी चपटी, खुणा केलेली पट्टी असते. ती ओल्या जाळ्याच्या आसात ठरावीक जोराने घालायची. एकच आस मोजून भागत नाही. ओळीने वीस-एक आस मोजून सरासरी काढायची. कोरडे जाळे आणि ओले जाळे, नवे आणि वापरलेले, यांची मापे एक येत नाहीत. कपड्याच्या दुकानात धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतर सदरा मोजून पाहणाऱ्या गृहिणीला हे सांगायला नको.

आता चाचणी. आपल्या भातगिरणीत चाळण असते. तिच्यावर भात ओतले की कणी खाली पडते, तांदूळ वर राहतो, आणि दोन्ही ढीग डोळ्यांपुढे दिसतात. जाळ्याची अडचण ही की वरचा ढीग तेवढा बोटीवर येतो. खालचा समुद्रात निघून जातो. काय निसटले ते कळल्यावाचून चाळण चांगली की वाईट हे कसे ठरवायचे? त्यावर शास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती फार साधी आहे. खोल्यावरून आणखी एक अगदी बारीक आसाची पिशवी चढवायची, उशीला अभ्रा चढवावा तशी, पण चांगली सैल. लांबीरुंदीने खोल्याच्या दीडपट तरी. खोल्यातून निसटलेला मासा या बाहेरच्या अभ्र्यात सापडतो. जाळे वर आले की आतले मासे वेगळे, अभ्र्यातले वेगळे काढायचे आणि जातवार प्रत्येक मासा पट्टीवर ठेवून मोजायचा.

समजा, राणी मासा मोजला. (हे आकडे समजण्यापुरते आमचे आहेत, कोणत्याही पाहणीतले नव्हेत.) दहा सेंटिमीटर लांबीचे शंभर मासे जाळ्यात शिरले, त्यांतले पाच आत राहिले, पंचाण्णव अभ्र्यात गेले. अठरा सेंटिमीटरचे शंभर शिरले, त्यांतले पंचाण्णव आत राहिले. आणि चौदा सेंटिमीटरच्या शंभरांपैकी बरोबर पन्नास आत, पन्नास बाहेर. ही चौदा सेंटिमीटर म्हणजे त्या आसाची त्या माशासाठीची निम्म्याची लांबी. तिला आसाच्या मापाने भागायचे: १४० भागिले ४०, म्हणजे साडेतीन. हा साडेतीन एकदा हाती आला की, साधारणपणे, पन्नास मिलिमीटरचा आस घेतला तर निम्म्याची लांबी १७५ मिलिमीटर होईल, हे बंदरावर बसूनही सांगता येते. मग शेजारी दुसरा आकडा मांडायचा: हा मासा पहिल्यांदा अंडी घालतो तो किती लांबीचा झाल्यावर? निम्म्याची लांबी त्याच्या बरीच खाली असेल, तर आपण आई होण्याआधीच मासळी उचलतो आहोत.

इतके सरळ आहे, आणि तरी इतके सरळ नाही. अभ्रा अंगाला चिकटला तर आतले आस झाकले जातात आणि मासा निसटायचा तो निसटत नाही. जाळे तास-दीड तास ओढले आणि तीन तास ओढले, तर निकाल बदलतो, कारण खोला भरला की आस माशांनीच बुजतात. म्हणून काही ठिकाणी अभ्रा न लावता विजारीसारखे दोन पायांचे जाळे करतात. एका पायाला बारीक आस, दुसऱ्याला मोठा, आणि दोन्हींची मासळी ताडून पाहतात. शिवाय निसटलेला मासा जगतो का, हाही प्रश्न आहे. खवले खरवडून निघालेला मासा समुद्रात मेला, तर त्याला सोडून कोणाचे भले झाले? म्हणून काळजीपूर्वक काम करणारे लोक निसटलेले मासे पिंजऱ्यात ठेवून काही दिवस पाहतात.

ही विद्या थंड समुद्रात वाढली. युरोपच्या उत्तर समुद्रात दोन्ही महायुद्धांच्या काळात ट्रॉलर बंदरात अडकून पडले, आणि युद्ध संपल्यावर पाहतात तो मासा वाढलेला, संख्येने आणि आकारानेही. माणसे एकमेकांना मारीत होती तेवढा काळ माशांना उसंत मिळाली! त्यातून धडा घेऊन १९४६ साली लंडनला राष्ट्रांनी करार केला. जाळ्यांच्या आसाचे आणि माशांच्या किमान लांबीचे नियमन हा त्याचा विषय. पण तिथे एका जाळ्यात मुख्यतः दोन-चार जातींचे मासे. आपल्याकडे एकाच ओढीत राणी, बांगडा, ढोमा, मांदेली, बोंबील, वाकटी, माकूल, कोळंबी आणि नशीब असेल तर पापलेट. कोणी गोल, कोणी पट्टीसारखा लांब, कोणी ताटलीसारखा चपटा. कोळंबीला तर पाय, मिशा आणि डोक्यावर करवतीसारखा काटा. ती आसातून जाता जाता दोऱ्यालाच अडकते. एक आस या सर्वांना सारखा न्याय कसा देणार? कोळंबी वाचवून घरी आणील असा आस पोरसवदा राणी माशाला सोडीत नाही. राणी माशाला सोडील तो कोळंबीलाही सोडतो, आणि बोटीचा खर्च निघतो तो कोळंबीवर.

आता तो ऐंशीचा आकडा काढा. घरी तळहाताएवढे पापलेट आणाल तेव्हा त्याच्या पोटाभोवती, जिथे ते सर्वांत रुंद असते तिथे, एक दोरा गुंडाळा आणि तो दोरा पट्टीवर धरा. ऐंशी मिलिमीटरच्या पुष्कळ पुढे जाईल. म्हणजे चाळीसच्या आसाचा सगळा घेर वापरला तरी हा मासा त्यातून बाहेर पडू शकत नाही. त्यातून निसटेल ते बोटभर लांबीचे पिल्लू. यात आणखी एक गंमत आहे. नेहमीच्या जाळ्यातला आस शंकरपाळ्यासारखा असतो; ओढ बसली की तो मिटतो आणि नुसती फट उरते. म्हणून तेच जाळे फिरवून चौकोनी आस ठेवावा, तो ओढीतही उघडा राहतो, असे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, ती १९५७ साली स्थापन झाली, अनेक चाचण्यांनंतर सांगितले आहे, आणि गुजरातने आपल्या २००३ च्या कायद्याखाली चाळीस मिलिमीटरचा चौकोनी खोला घातला. गोल अंगाच्या माशांना हा चौकोन फार उपकारक. पण चपट्या माशाला उभी फट जितकी सोयीची, तितका चौकोन नाही. वीस बाय वीसच्या खिडकीतून ताटली कशी जाणार? ज्या सुधारणेने राणी माशाची पोरे वाचतात, तिने पापलेटाची वाचतीलच असे नाही. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटाला राज्य मासा म्हणून मान दिला. त्याच वर्षी चोपन्न जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली, त्यात पापलेटासाठी १३५ मिलिमीटर. आसाने जे साधत नाही, ते पट्टीने साधण्याचा हा प्रयत्न आहे, आणि आमच्या मते योग्य आहे. मात्र पट्टी लागते मासा मेल्यावर. पिल्ले जिथे आणि ज्या महिन्यांत गोळा होतात तिथे त्या महिन्यांत जाळेच न टाकणे, हा खरा उपाय. आणि ती जागा व ते महिने तांडेलाइतके कोणाला ठाऊक नाहीत.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका कारखान्यात (नाव घेण्याचे कारण नाही) कामाचे नवे प्रमाण लागू झाले. दर तासाला इतके नग. आकडा आला होता दुसऱ्याच ठिकाणाहून. नव्या यंत्रावर, पंख्याखाली, घड्याळ लावून मोजलेला. आमची यंत्रे जुनी आणि पत्र्याखालचा मे महिना. माणसे चिडली, काहींचे म्हणणे, मोजणीच नको. आम्ही सभेत सांगितले की मोजणीला नकार देणारा कामगार पुढे कशाच्या आधारावर भांडणार? मोजा, पण इथे मोजा, याच यंत्रांवर, आणि मालकाच्या माणसाशेजारी घड्याळ घेऊन आमचाही माणूस उभा राहील. महिनाभर तसे झाले. आकडा त्यांच्यापेक्षा पुष्कळ खाली आला. खरे सांगायचे तर आमच्या म्हणण्याच्या थोडा वरही आला. आमच्यातल्याही काहींचे पितळ उघडे पडले. पण तो आकडा टिकला, कारण तो दोघांच्या वहीत सारखा होता.

तांडेलाचा प्रश्न आम्हांला या गोष्टीमुळे समजला. थंड समुद्रातला आकडा, किंवा केरळच्या नियमातला पस्तीसचा आकडा, करंजाच्या बोटीवर तसाच आणणे म्हणजे पंख्याखालचे प्रमाण पत्र्याखाली लावणे. चाचणी व्हावी ती त्याच पाण्यात, कामावरच्या बोटीवर, तिच्याच खलाशांच्या हातून. शास्त्रज्ञांच्या वहीशेजारी तांडेलाची वही असावी. चाचणीच्या दिवसांत जो माल निसटेल त्याची भरपाई चाचणी घेणाऱ्याने द्यावी. खलाशाची कमाई वाट्यावर किंवा धंद्यावर अवलंबून असते, आणि देशाच्या ज्ञानासाठी त्याच्या पोराने उपाशी राहावे असा कायदा कुठे नाही. आणि निकाल इंग्रजी अहवालात पुरला जाण्याआधी कोळीवाड्यात वाचून दाखवावा.

यावर काही अभ्यासू मंडळी म्हणतात, नुकसान थोड्या दिवसांचे असते, पुढे मासा मोठा होतो आणि जास्त भाव येतो. हे खोटे नाही. उलट आपल्या उबदार पाण्यात ते लवकर खरे होते, कारण इथला मासा थंड समुद्रातल्या कॉडपेक्षा झपाट्याने वाढतो. पुष्कळ जाती वर्षा-दोन वर्षांतच अंड्यावर येतात, कोळंबी तर त्याहून लवकर. पण ते खरे होते कोणासाठी? एका बोटीने आस मोठा केला आणि शेजारच्या दहांनी केला नाही, तर हिने सोडलेला मासा त्या दहांच्या खोल्यात जातो. एकट्या कामगाराने केलेला संप जसा, तसा एकट्या तांडेलाने वाढवलेला आस. दोघांचीही कमाई बुडते आणि मालकाचे किंवा समुद्राचे काही बिघडत नाही, सुधारतही नाही. म्हणून आस बदलायचा तर बंदर एकदम बदलले पाहिजे, आणि शेजारच्या बंदरानेही. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याने कोणती जाळी वापरावीत यावर बंधन घालण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. पण मोठ्या आसाच्या खोल्यात बारीक आसाचा दुसरा खोला शिवून घेणे हे अर्ध्या रात्रीचे काम आहे, आणि दर बोटीवर एक शिपाई बसवता येत नाही. जून-जुलैची पावसाळी बंदी पुष्कळशी पाळली जाते, याचे कारण शिपाई नव्हे. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जायचे नाही हे कोळ्याने कायदा होण्याच्या कितीतरी आधी स्वतःच स्वतःला घालून घेतले होते.

आपल्या नद्यांकडे पाहून आपण फार ऐट मिरवू नये. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यांतून, बांधांवरून भातखाचरांत चढतात. त्यांतले कितीतरी पोटात अंडी घेऊन. पूर्वी पाग आणि कामट्यांचे सापळे होते. त्यांच्या फटींतून बारके जीव सुटत, आणि आमच्या कातकरी बांधवांना लागे तेवढेच ते नेत. आता ओढ्याच्या तोंडाशी मच्छरदाणीचे कापड आडवे बांधलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्याचा आस मोजायला पट्टी नको, सुईची टोच पुरे. सुरुंगाचा तोटा आणि विष यांनी मासे मारण्यावर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि त्याच कायद्यात जाळ्यांच्या मापाचे नियम करण्याचीही तरतूद आहे. सव्वाशे वर्षे होऊन गेली.

मागच्या खेपेला करंजाला गेलो तेव्हा आस मोजण्याची एक पट्टी तांडेलासाठी घेऊन गेलो होतो. आमच्याच एका फिटरने पत्र्याची कापून, खुणा कोरून दिलेली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली, कमरेला खोचली आणि विषय बदलला. पुढे महिन्याभराने निरोप आला, म्हणून गेलो. त्याने शाळकरी नातवाच्या वहीत आपल्या खोल्याचे वीस आस ओल्या जाळ्यावर मोजून ओळीने लिहून ठेवले होते, आणि खाली शेजारच्या चार बोटींचेही. शेजाऱ्यांनी मोजू कसे दिले, असे विचारले तेव्हा म्हणाला, "त्यांनी माझे मोजले, मग मी त्यांचे मोजले." ते आकडे व्याख्यानात सांगू नका, असे त्याने बजावले आहे, पाचही बोटींची बैठक व्हायची आहे, तिथे ते आधी वाचले जातील.